वेठ आणि सेवा : महाराष्ट्रातील स्वयंसेवकांचा सामाजिक इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात लोकोपयोगी काम विनामोबदला किंवा अगदी तुटपुंज्या वेतनावर करणाऱ्यांची जी परंपरा उभी राहिली, तिचा इतिहास बहुधा संस्थांच्या आणि संस्थापकांच्या चरित्रांतून सांगितला गेला. त्यामुळे त्यागाची प्रेरणा कोठून आली या प्रश्नाची चर्चा भरपूर झाली, परंतु असा त्याग करणे समाजातील कोणत्या थरांना शक्य होते, या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. स्वयंसेवेसाठी पोटापाण्याची किमान शाश्वती आणि स्वतःच्या हुकमाचा थोडा वेळ लागतो, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाची पण क्वचितच विचारात घेतली जाणारी अट म्हणजे ते काम नाकारण्याची मोकळीक. जे काम नाकारता येत नाही ते विनामोबदला केले तरी त्याला सेवेचा मान मिळत नाही, आणि ज्या समाजात हजारो माणसे जन्माने ठरलेले काम मोबदल्याविना करत होती, त्या समाजात स्वेच्छेने सेवा करणारा वर्ग इतका मर्यादित का राहिला, याचा उलगडा या तिसऱ्या अटीवाचून होत नाही.

खेड्यातील वतनव्यवस्थेत, म्हणजे गावाच्या ठरावीक कामांचा वंशपरंपरागत हक्क आणि वंशपरंपरागत जबाबदारी एकाच घराण्यावर किंवा जातीवर टाकणाऱ्या व्यवस्थेत, महारांकडे सोपवलेल्या कामांची यादी फार मोठी होती. गावची सीमा दाखवणे, सरकारी वसूल ठाण्यापर्यंत पोचवताना सोबत जाणे, सांगावे नेणे, कोणाच्या घरी मृत्यू झाला तर परगावच्या सोयऱ्यांना कळवणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, आलेल्या अंमलदाराच्या मुक्कामी लाकूडफाटा आणि चारा पुरवणे ही कामे रात्री-अपरात्री हाक येताच करावी लागत. त्यांच्या बदल्यात इनामी जमिनीचा लहानसा तुकडा आणि बलुते, म्हणजे सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा, एवढेच हाती येई. आणि वारसांची संख्या वाढत गेली तशी त्या जमिनीची वाटणी कुटुंबाचे एका वेळचेही भागणार नाही इतकी लहान होत गेली. या पलीकडे जी कामे कोणताही मोबदला न देता सक्तीने करून घेतली जात त्यांना वेठ म्हणत, आणि तिचा भार केवळ महारांवर नव्हे, तर मांग, रामोशी, कुंभार, न्हावी अशा अनेक जातींवर आणि डोंगराळ भागातील आदिवासींवर कमी-अधिक प्रमाणात पडत असे. १८७४ च्या मुंबई इलाख्यातील वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने या व्यवस्थेला ब्रिटिश राज्यातही कायद्याचे पाठबळ मिळाले. म्हणजे ज्या काळात पुण्या-मुंबईत निरपेक्ष लोकसेवेची कल्पना रुजत होती, नेमक्या त्याच काळात खेड्यातील मोबदल्याविना होणाऱ्या श्रमाला सरकारी कागदपत्रांत पक्के स्थान मिळत होते.

शहरातील लोकसेवेचे पहिले रूप प्रतिनिधित्वाचे होते. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम केला होता. या सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक आपुलकीने सार्वजनिक काका म्हणत, स्वतः वकील होते आणि सभेचे बरेचसे काम करणारी मंडळीही वकील, शिक्षक, निवृत्त नोकरदार आणि इनामदार यांतलीच होती. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली, आणि हे काम मोलाचे होते यात शंका नाही. तथापि अर्ज, अहवाल आणि पत्रव्यवहार यांवर आधारलेली ही सेवा ज्याला लिहिता-वाचता येते आणि कचेरीची भाषा कळते त्यालाच करता येण्यासारखी होती.

त्याच दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्याभोवतीची माणसे वेगळ्या रीतीने काम करत होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते माळी, कुणबी, तेली, शिंपी अशा कष्टकरी आणि व्यापारी जातींतून आलेले होते. त्यांनी दुष्काळात अन्नछत्रे चालवली, पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ झालेल्या मुलांसाठी आश्रम उघडला, आणि सावित्रीबाईंनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून लिहिलेल्या पत्रातून जुन्नर भागातील उपासमारीचे आणि या कामाचे चित्र मिळते. येथे सेवेचे साधन लेखणी नसून धान्य, पैसा आणि शरीरश्रम हे होते. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, आणि या मंडळींची सेवा त्यांच्या धंद्यातून मागे पडलेल्या पैशावर उभी होती, ही गोष्ट सत्यशोधक चळवळीच्या वैचारिक इतिहासात हरवून जाते.

गिरणी कामगाराला मात्र असा धंदाही नव्हता आणि वेळही नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरवून या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला सातवा दिवस समाजाच्या कामासाठी मिळाला पाहिजे, असा जो युक्तिवाद लोखंडे यांच्या नावावर परंपरेने सांगितला जातो, तो स्वयंसेवेच्या इतिहासात फार मोलाचा मानला पाहिजे, कारण विश्रांतीचा हक्क आणि सेवेचा हक्क या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत हे त्यात स्पष्टपणे ओळखलेले आहे. पुढे गिरणगावात जी भजनी मंडळे, व्यायामशाळा, रात्रशाळा आणि जातिसुधारणेच्या सभा उभ्या राहिल्या, त्यांचा पाया या रविवारने घातला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात सुरू झालेल्या प्लेगने सेवेची कसोटी आणखी कठोर केली. घरझडत्या आणि विलगीकरण छावण्या यांमुळे सरकारविषयी धास्ती पसरलेली असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारले, आणि झडतीच्या पथकांबरोबर जाऊन लोकांना धीर देण्याचे काम शहरातील सुशिक्षितांनी पत्करले. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही नंतरच्या साथीत स्वयंसेवक म्हणून काम केले. लोखंडे मुंबईत रुग्णांच्या सोयीसाठी धडपडत असतानाच फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने मरण पावले, आणि पुण्यात डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात रुग्णांना आणण्याचे काम करणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. एक कामगार पुढारी आणि एक शिक्षिका, दोघेही सत्यशोधक, एका महिन्याच्या अंतराने रुग्णसेवेत मृत्युमुखी पडले, ही घटना महाराष्ट्राने जितक्या कृतज्ञतेने स्मरावी तितकी बराच काळ स्मरली नाही.

याच सुमारास सुशिक्षित वर्गात सेवेला आयुष्यभराच्या व्रताचे रूप आले होते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सभासदाची कल्पना रूढ केली. आजीव सभासद म्हणजे सरकारी नोकरीत किंवा वकिलीत कितीतरी अधिक मिळवू शकणाऱ्या पदवीधराने महिना ७५ रुपयांच्या आसपास वेतनावर वीस वर्षे शिकवण्याचे बंधन स्वीकारणे. या बंधनाची आर्थिक बाजू नाजूक होती, आणि सभासदांनी संस्थेबाहेरून काही मिळवावे की नाही यावरूनच सोसायटीत फूट पडली. संपूर्ण त्यागाचा आग्रह धरणारे टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, तर गोखल्यांनी वीस वर्षे पुरी केली आणि १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत, पाच वर्षे उमेदवारी करावी लागे आणि समाजाकडून मिळणाऱ्या बेताच्या निर्वाहखर्चावर राहावे लागे. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत पटवर्धन हे पहिले सदस्य होते. ना. म. जोशी यांनी याच समाजात असताना १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू करून चाळींतून वाचनालये आणि रात्रशाळा नेल्या.

या माणसांचा त्याग अस्सल होता, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याग करण्यासाठी आधी सोडण्यासारखे काही हाती असावे लागते. पदवी, ती देणारी घरची शिकण्याची परंपरा, कोकणातील किंवा देशावरील लहानशी जमीन, घर चालवणारी पत्नी आणि एकत्र कुटुंबाचा आधार यांच्या जोरावर हे व्रत पेलले जात होते, आणि या साऱ्या गोष्टी त्या काळी मुख्यतः ब्राह्मण कुटुंबांत एकत्र आढळत असल्यामुळे आजीव सेवकांत ब्राह्मण बहुसंख्य राहिले. पुढील पिढ्यांनी या वस्तुस्थितीचा अर्थ त्या जातीच्या स्वभावगुणात शोधला, तेव्हा त्यांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, कारण घरातील स्त्रीचे सारे श्रम मोबदल्याविनाच होत आणि तिच्या वेळेवर तिची मालकी नव्हती. सार्वजनिक सेवेत सवर्ण स्त्रिया प्रथम आल्या त्या विधवा म्हणून. ज्या रूढीने विधवेला संसारातून बाद केले होते, तिनेच तिला संसाराबाहेरच्या कामासाठी नकळत मोकळे केले, आणि सुधारकांनी या क्रूर मोकळीकीचा उपयोग करून घेतला. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमातील पार्वतीबाई आठवले यांचे आयुष्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. देवरुखला जन्मलेल्या, ऐन विशीत वैधव्य आलेल्या आणि केशवपन झालेल्या पार्वतीबाई आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थापक झाल्या आणि पुढे वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव फिरू लागल्या. १९१२ मध्ये त्यांनी केशवपन सोडले आणि १९१८ मध्ये इंग्रजीचे ज्ञान बेताचेच असताना अमेरिकेस जाऊन, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहत त्यांनी संस्थेसाठी पैसा उभा केला. कर्व्यांनी १९०८ मध्ये आजीव सेवकांसाठी निष्काम कर्म मठ स्थापन केला तेव्हा स्त्रीसाठी असे व्रत शक्य आहे याचा दाखला समोर होताच. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. परक्या रोग्याच्या अंगाला हात लावणे हे हलक्या जातीचे काम समजले जात असताना सेवासदनाने उच्चवर्णीय विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठवले, आणि त्यातून सेवा आणि पगारी व्यवसाय यांमधली भिंत स्त्रियांसाठी प्रथमच खऱ्या अर्थाने ओलांडली गेली. त्याच काळात सुईणपण, मेलेल्या जनावराची विल्हेवाट आणि झाडलोट ही कामे करणाऱ्या दलित स्त्रिया कोणत्याही संस्थेच्या अहवालात सेविका म्हणून नोंदल्या गेल्या नाहीत.

दलितांसाठी काम करणाऱ्या संस्थाही आरंभी बाहेरून आलेल्या सेवकांवर चालत होत्या. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत स्थापन केलेले भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळ याला अंशतः अपवाद ठरते. शिंदे मराठा कुटुंबातून आले होते, त्यांनी आपले बिऱ्हाड अस्पृश्यांच्या वस्तीत नेले आणि त्यांची बहीण जनाबाई यांनी शाळेचे व वस्तीतील स्त्रियांचे काम अंगावर घेतले. त्यानंतर वीस वर्षांनी मात्र परिस्थितीत मूलभूत पालट झाला. २० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरून अस्पृश्यांना नाकारलेल्या चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. या परिषदेत मृत जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडून देण्याचे आवाहन झाले. तळ्याच्या पाण्यामुळे ते काहीसे झाकले गेले असले, तरी स्वयंसेवेच्या दृष्टीने या आवाहनाचे महत्त्व मोठे आहे, कारण गावकीच्या सक्तीच्या कामाला संघटितपणे नकार देणारा समाज प्रथमच स्वेच्छेच्या कामासाठी मोकळा होत होता.

महाडला आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलात काम करणारी माणसे कोण होती हे पाहिले की स्वयंसेवेच्या अटी पुन्हा स्पष्ट होतात. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले आणि पेन्शन घेणारे महार सैनिक होते, तसेच मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे येथे रोख मजुरी मिळवणारे तरुण होते. बलुत्यावर जगणाऱ्याला गावाने बलुते बंद करण्याची धमकी दिली की गप्प बसावे लागे. ज्याचा पैसा गावाबाहेरून येत होता त्याच्यावर अशी धमकी चालत नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपासाठी सवर्णांनी जागा नाकारली आणि ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. धान्य आणि साहित्यही बाहेरूनच आणावे लागले, आणि ही सारी जुळवाजुळव या स्वयंसेवकांनी केली. १९ मार्च १९२८ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला जमीन राखून सक्तीच्या चाकरीतून मुक्त होता यावे, अशी त्यामागची दृष्टी होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी महार वतन १९१८ मध्येच रद्द केले होते, परंतु मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

खेड्यातील शेतकऱ्याची सेवा घड्याळाप्रमाणे चालत नसून हंगामाप्रमाणे चालत असे, आणि शहरी संस्थांच्या मोजमापात ती म्हणूनच बसत नसे. सत्यशोधक जलसे सुगी झाल्यावर गावोगाव फिरत. पंढरीची आषाढी वारी पेरणीची कामे सावरून होई आणि दिंडीतील पाणी, स्वयंपाक व मुक्काम यांची सारी व्यवस्था वारकरीच आपसांत वाटून घेत. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा त्यांनी हाच स्वभाव ओळखून गरिबाकडे वेळ किंवा पैसा मागण्याऐवजी मूठभर धान्य मागितले, आणि वसतिगृहातील मुलांनी शेती करून, खडी फोडून व स्वतः रांधून शिक्षण घ्यावे अशी पद्धत घातली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. गाडगे महाराजांचे काम याहूनही मुळाला हात घालणारे होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले हे साधुपुरुष ज्या गावी कीर्तन असे ते गाव आधी स्वतः खराट्याने झाडून काढत, आणि त्यांचे पाहून पाटलापासून पोरासोरांपर्यंत सारे झाडू लागत. जे काम काही जातींच्या कपाळी जन्माने लिहिले होते ते कोणीही स्वेच्छेने करावे असे ठरले की त्या कामाची सक्तीही ढिली होते आणि त्याच्या हीनपणाचा समजही, आणि हा धडा त्यांनी एकही प्रबंध न लिहिता दिला.

वेठ आणि सेवा या दोन इतिहासांची प्रत्यक्ष गाठ ज्यांच्या आयुष्यात पडली त्या गोदावरी परुळेकर होत. पुण्याच्या सुखवस्तू गोखले कुटुंबातील, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या गोदावरीबाई भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली. पुढे पती शामराव परुळेकरांसह समाज सोडून त्या किसान सभेच्या कामात पडल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव आणि डहाणू भागात वारली कुटुंबांना जमीनदाराच्या शेतावर आधी फुकट राबावे लागे आणि मगच स्वतःच्या शेताकडे पाहता येई. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर सावकाराच्या घरी बांधलेली राहत आणि त्यांना लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले आणि मे महिन्यात झरी येथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर काही वारली मारले गेले, तरी वेठ परत आली नाही. या लढ्यात निरोप नेणे, सभांची राखण करणे आणि रात्रीत वीस-पंचवीस मैल चालून पाड्यापाड्यांत बातमी पोचवणे ही कामे ज्यांनी केली ते तेच लोक होते, ज्यांच्याकडून पिढ्यान्पिढ्या असलीच धावपळ जमीनदार सक्तीने करून घेत आला होता. गोदावरीबाईंनी हा अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदवला आहे.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी घातली आणि संघटित स्वयंसेवेला शासनाचा आश्रय मिळू लागला. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेमुळे खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांचे विद्यार्थी, त्यांत मुलीही, श्रमदानाच्या शिबिरांत आले, आणि बाबा आमटे यांच्या सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणीने त्या पिढीला आनंदवनच्या कुष्ठमुक्तांबरोबर राबण्याची संधी दिली. स्वयंसेवकाची जात आणि प्रदेश यांची व्याप्ती त्यामुळे निश्चित वाढली. स्त्रीच्या वेळेचा प्रश्न मात्र फारसा हलला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, ज्यात माणसे दिवसाचे चोवीस तास कशाकशात घालवतात हे नोंदवले जाते, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८१ हून अधिक आणि त्यांचा त्यावर खर्च होणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे भरला, तर पुरुषांचे प्रमाण शेकडा २६ आणि वेळ ९७ मिनिटे होता. घराबाहेरच्या स्वयंसेवेत गणता येईल असे काम करणारे मात्र स्त्री-पुरुष मिळून शेकडा दोन-तीनच निघाले.

आणि याच स्त्रियांवर विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशापासून शासनाने एका नव्या प्रकारच्या सेवेचा भार टाकला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी सेविका आणि २००५ नंतरच्या ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा या मानधनावर काम करणाऱ्या स्वयंसेविका ठरवल्या गेल्या, म्हणजे त्यांना वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि किमान वेतनाचा कायदाही त्यांना लागू होत नाही. गर्भवतींच्या नोंदी, लसीकरण, पोषण आहार, सर्वेक्षणे आणि कोविडच्या साथीतील घरोघरची तपासणी हे सारे काम त्यांच्याकडून नियमितपणे करून घेतले गेले, आणि ते करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया अल्पभूधारक, मजूर आणि मागासवर्गीय कुटुंबांतील आहेत. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही सक्तीच्या श्रमाचीच जात आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात तेविसाव्या अनुच्छेदाच्या आधारे ठरवले होते. स्वयंसेविका म्हणून नोंद झालेली स्त्री त्या निर्णयाच्या संरक्षणाबाहेर राहते. महाराष्ट्रातील आशांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये काम थांबवून मोबदल्यात वाढ मिळवली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात, त्यांना मिळणारे मानधन हे उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याच्या दृष्टीने वेतनच आहे आणि त्यांना उपदान दिले पाहिजे, असा निर्णय दिला.